क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स २०१६ चा नाही, १९८८ चा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या प्रो रेसलिंगला अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू, कारण मराठी पेपरात हा विषय येतो तो एकतर एखादा रेसलर गेला की किंवा एखादा सिनेमात आला की. पण त्याच पानावर मोठ्या शोंची जी चौकट दिलीय त्यात क्लॅश ऑफ चॅम्पियन्ससमोर २०१६ असं साल आहे आणि पुढे एका ओळीत लिहिलंय की हा डब्ल्यूडब्ल्यूईचा शो, यात सगळे बेल्ट पणाला लागतात. झालं, संपलं. आता डब्ल्यूडब्ल्यूईचा त्या नावाचा शो २०१६ लाच सुरू झाला हे खरंय, पण हे नाव त्यांचं नव्हे हो. नावात एक 'द' असलेला ओरिजिनल क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स १९८८ ते १९९७ एवढी वर्षं टीबीएस चॅनलवर लागायचा, एकूण ३५ शो झाले त्याचे, आणि तो ज्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीचा होता ती कंपनीच २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईवाल्यांना विकली गेली म्हणून नावही त्यांच्याकडे गेलं. ज्यांनी ते नाव कमावलं त्यांचा त्या चौकटीत उल्लेखसुद्धा नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

हा शो निघाला का हे कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही, म्हणून थोडं मागे जातो. १९८७ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या होत्या, एक विन्स मॅकमहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, आणि दुसरी नॉर्थ कॅरोलिनातली जिम क्रॉकेट प्रमोशन्स, हीच पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. क्रॉकेटवाल्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो स्टारकेड, तो थँक्सगिव्हिंगच्या दिवशी असायचा. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच तो पे-पर-व्ह्यूवर म्हणजे घरी बसून पैसे भरून बघायला आणला, तर मॅकमहनने नेमका त्याच दिवशी सर्व्हायव्हर सिरीज हा नवीन शो काढला आणि केबलवाल्यांना सरळ सांगितलं की स्टारकेड दाखवलंत तर पुढची रेसलमेनिया, म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा शो, विसरा. केबलवाले काय करणार, बहुतेकांनी स्टारकेड सोडलं. मग जानेवारी १९८८ मध्ये क्रॉकेटने परत एक पे-पर-व्ह्यू लावला तर मॅकमहनने त्याच रात्री यूएसए नेटवर्कवर रॉयल रंबल फुकट दाखवली. समोर फुकटात एवढं मिळत असताना इकडे पैसे कोण भरणार?

म्हणून २७ मार्च १९८८. त्या रात्री अटलांटिक सिटीत रेसलमेनिया ४ होती, १४ जणांची टूर्नामेंट, रँडी सॅवेज एकाच रात्री चार मॅच लढून चॅम्पियन झाला, आणि ती बघायला पैसे भरायचे. क्रॉकेटवाल्यांनी त्याच रात्री ग्रीन्सबोरो कोलिझियममधून पहिला क्लॅश लाइव्ह दाखवला, टीबीएसवर, फुकट. मॅच फक्त पाच. पण त्या पाचात वर्ल्ड टॅग टीमचे, म्हणजे दोघादोघांच्या जोड्यांचे, बेल्ट आर्न अँडरसन आणि टली ब्लँचर्डकडून लेक्स लुगर आणि बॅरी विंडहमकडे गेले, एक काटेरी तारांची मॅच झाली, आणि शेवटी रिक फ्लेअर विरुद्ध स्टिंग, वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी, टाइम लिमिट ४५ मिनिटं.

ही मॅच मी इंटरनेटवर किती वेळा बघितली असेल सांगता येणार नाही. मागच्या महिन्यात पुतण्याला सोबत बसवून बघितली, तो वीस वर्षांचा, त्याला आत्ताचे सगळे रेसलर तोंडपाठ, पण दर दोन मिनिटाला फोन हातात. पहिली दहा मिनिटं तो म्हणत होता काका हे काय नुसतं डोकं धरून बसलेत, हेडलॉकच चाललाय. मी काही बोललो नाही. साधारण अर्धा तास झाल्यावर बघतो तर फोन उलटा करून ठेवलेला आणि हा पुढे सरकून बसलाय, आणि मग त्यानेच विचारलं, काका किती मिनिटं राहिली?

तेच तर आहे ना सगळं, किती मिनिटं राहिली. स्टिंग तेव्हा जेमतेम २९ वर्षांचा, आठवड्यापूर्वीच वाढदिवस झालेला, तोंडाला रंग, पिवळे उभे केस, आणि एवढ्या मोठ्या चॅम्पियनसमोर एवढ्या मोठ्या रात्री तो कधी उभा राहिला नव्हता. फ्लेअर ३९ चा, कित्येक वर्षं बेल्ट घेऊन गावोगाव फिरलेला. फ्लेअरचा मॅनेजर जे. जे. डिलन मध्ये पडू नये म्हणून त्याला पिंजऱ्यात घालून रिंगच्या वर टांगलेला, म्हणजे आज चिटिंग नाही, आज जे काय ते दोघांतच. आणि फ्लेअरने त्या ४५ मिनिटांत जे केलं त्याला मी दान म्हणतो. तो छातीवर चॉप मारतोय, अख्ख्या हॉलला आवाज ऐकू जातोय, आणि समोरचा पोरगा हलत नाही, मग फ्लेअरच्या चेहऱ्यावर भीती येते, तो मागे सरकतो, गुडघ्यावर बसतो, हात जोडतो, आणि बघणाऱ्याला वाटायला लागतं की अरे हा चॅम्पियन घाबरला म्हणजे हा पोरगा खरंच मोठा आहे. स्टिंगने स्वतःच्या तोंडाने एक शब्द न बोलता तो मोठा झाला, कारण मोठ्या माणसाने त्याला मोठं मानलं. शेवटच्या काही सेकंदात स्टिंगने स्कॉर्पियन डेथलॉक लावला, फ्लेअरचे दोन्ही पाय अडकवून त्याला पालथा घातला, फ्लेअर ओरडतोय, लोक उभे आणि तेवढ्यात बेल वाजली. वेळ संपली. रिंगजवळ जज बसवले होते, त्यांचंही एकमत झालं नाही, मॅच बरोबरीत सुटली, बेल्ट फ्लेअरकडेच राहिला.

आता गंमत बघा, स्टिंग जिंकला नाही. तरी दुसऱ्या दिवशीपासून तो स्टार. पुतण्या तर उठून उभाच राहिला होता बेल वाजली तेव्हा, १९८८ ची मॅच, निकाल आधीच कुठेतरी वाचलेला, तरी.

इथे मला तुमच्या लेखातल्या दुसऱ्या एका वाक्याबद्दलही बोलायचंय, शेवटच्या परिच्छेदात म्हटलंय की हे सगळं आधी ठरलेलं असल्यामुळे चॅम्पियनशिपला तसा अर्थ नसतो. साहेब, कोण जिंकणार हे ठरलेलं असतं हे आता शाळेतल्या पोरालाही माहितीय, ते काही गुपित नाही. पण नाटकात शेवट लिहिलेला असतो म्हणून नटाच्या कामाला अर्थ नसतो असं आपण म्हणतो का? बेल्टला अर्थ येतो तो बाकीच्यांनी त्याला किती जीव तोडून मागितलं यातून. आणि अंग काही लिहिलेलं नसतं. ६ फेब्रुवारी १९९० चा दहावा क्लॅश बघा, टेक्ससमध्ये कॉर्पस क्रिस्टीला झालेला. त्या रात्री फ्लेअरच्या गटाने म्हणजे फोर हॉर्समनने स्टिंगला बाहेर काढलं, ते सगळं ठरलेलं. शेवटी स्टिंग फ्लेअरच्या मागे धावत येऊन पिंजऱ्यावर चढायला गेला, तेही ठरलेलं. पण रिंगभोवतीच्या त्या पिंजऱ्यावर चढताना त्याचा गुडघा गेला, ते कोणी ठरवलं नव्हतं. लाइव्ह टीव्हीवर त्याचा पाय कामातून गेला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला त्याची फ्लेअरशी टायटल मॅच होती, आणि ती होती परत ग्रीन्सबोरोलाच, जिथे दोन वर्षांपूर्वी बरोबरी झाली होती तिथेच. ती गेली हातातून, त्याच्या जागी लुगर लढला. स्टिंगला बेल्ट मिळाला तो ७ जुलैला बाल्टिमोरमध्ये. ज्याला हे खोटं वाटतं त्याने तो गुडघ्याचा प्रसंग एकदा बघावा आणि मग मला सांगावं.

सहाव्या क्लॅशबद्दल लिहिल्याशिवाय मला हे पत्र संपवताच येणार नाही. २ एप्रिल १९८९, न्यू ऑर्लिन्स, सुपरडोम, आणि समोर परत रेसलमेनिया, पाचवी. फ्लेअर विरुद्ध रिकी स्टीमबोट, तीनपैकी दोन फॉल, म्हणजे तीन डावांतले दोन घेईल तो जिंकला. स्टीमबोटने फेब्रुवारीत शिकागोला फ्लेअरकडून बेल्ट घेतला होता, ही परतीची लढत. फ्लेअर आला तो भरजरी झग्यात, दोन्ही बाजूला नटलेल्या बायका, स्टीमबोट आला बायको आणि लहान मुलाला घेऊन, म्हणजे बेल वाजायच्या आधीच कोण कुठल्या बाजूला ते कळलं, एक शब्द बोलायची गरज नाही. सुपरडोमसारखं अवाढव्य स्टेडियम आणि लोक मात्र इतके थोडे की वरचे कोपरे काळोखात, नीट जाहिरात झाली नसेल किंवा काय असेल ते असो, पण त्या दोघांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघून एक मिनिटही हात आखडता घेतला नाही. जवळपास ५५ मिनिटं! पहिला फॉल फ्लेअरने घेतला, स्मॉल पॅकेज घालून, म्हणजे समोरच्याला गुंडाळून, त्याला तसा पिनने, म्हणजे समोरच्याचे खांदे तीन मोजेपर्यंत मॅटला टेकवून, जिंकताना बघायची सवय नव्हती लोकांना. दुसरा स्टीमबोटने घेतला, फ्लेअरचे दोन्ही हात मागून अडकवून वर उचललं आणि त्याला हार मान्य करायला लावली. तिसऱ्या फॉलला परत तोच डाव लावायला गेला तर स्वतःचाच पाय दगा देत होता कारण फ्लेअरने तेवढा वेळ त्याचा पाय तोडायचंच काम केलं होतं, दोघं एकदम मागे कोसळले, दोघांचेही खांदे मॅटवर, रेफरी मोजतोय, एक, दोन, आणि तीनच्या आत स्टीमबोटने खांदा उचलला. जिंकला. पण रिप्ले बघा, फ्लेअरचा पाय खालच्या दोराखाली होता. रेफरी टॉमी यंगला दिसलाच नाही. नियमाने तो पिन धरायलाच नको होता.

तो एक पाय! त्या एका पायावर पुढची मॅच उभी राहिली, ७ मे ला नॅशव्हिलला, तिथे फ्लेअरने बेल्ट परत घेतला, आणि लगेच टेरी फंक, जो त्या मॅचचा जज होता आणि सहाव्या क्लॅशला कॉमेंट्री करत बसला होता, त्याने फ्लेअरला टेबलावर पाइलड्रायव्हर दिला, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटला. आणि त्या भांडणाचा शेवट कुठे झाला, तर परत क्लॅशमध्येच, नववा, १५ नोव्हेंबर १९८९, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात, आय क्विट मॅच. म्हणजे पिन नाही, काउंट नाही, समोरच्याने माइकवर स्वतःच्या तोंडाने मी हरलो म्हणायचं. फंक तेव्हा ४५ वर्षांचा. फ्लेअरने फिगर फोर हा पायांचा पेच लावला, फंक सहन करतोय, सहन करतोय, शेवटी बोलला. आणि मग उठून फ्लेअरचा हात हातात घेतला, कारण हरलो तर हात मिळवीन असं तो म्हणाला होता. फंक २०२३ मध्ये गेला, तेव्हा मी दुसरं काही बघितलं नाही, तो हात मिळवतानाचा प्रसंग बघितला फक्त.

म्हणजे बघा, एका फुकट शोमधून पैसे भरायच्या शोकडे आणि तिथून परत फुकट शोकडे अशी ती गोष्ट चालायची. तीन महिन्यातून एकदा, कधी थोडं इकडेतिकडे, आणि मधल्या काळात दर शनिवारी तेच लोक मुलाखतीतून त्याबद्दल बोलताना दिसायचे. माणसाला वाट बघायला लावायचे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही चांगल्यातलं चांगलं मिळायचं, उरलंसुरलं नाही. माझ्या मते रेसलिंगवर जीव लावणारी एक अख्खी पिढी यातून तयार झाली, नुसत्या पे-पर-व्ह्यूवर ती झाली नसती.

सगळेच क्लॅश भारी होते असं नाही, काही अगदीच सुमार होते, नव्वदीच्या मधल्या वर्षांतले तर मी एकदा बघितले ते बघितले. आणि ते बंद का झाले तेही सरळ आहे, ४ सप्टेंबर १९९५ ला डब्ल्यूसीडब्ल्यूचा मंडे नायट्रो सुरू झाला आणि जी मॅच तीन महिने थांबवून ठेवायची ती दर सोमवारी द्यायला लागली, मॅकमहनच्या रॉ या सोमवारच्याच शोशी चढाओढ होती ना. मग स्पेशलमध्ये स्पेशल काय राहणार? २१ ऑगस्ट १९९७ ला नॅशव्हिलमध्ये ३५ वा झाला आणि तो शेवटचा.

नंतर असे प्रयत्न झालेत. एईडब्ल्यू या नव्या रेसलिंग कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये शार्लटमधून बॅटल ऑफ द बेल्ट्स सुरू केलं, टीएनटीवर, सगळ्या टायटल मॅच, मला खूप आशा होती, पहिल्या शोला क्रॉकेटच्या काळातल्या डस्टी ऱ्होड्सचा मुलगा डस्टिन लढला तेव्हा तर जुनं सगळं आठवलं. पण वेळ एक तास, त्यात जाहिराती, त्यात साधारण तीन मॅच. एका तासात तीन मॅच बसवायच्या म्हटल्यावर चॅम्पियनला घाबरायला वेळ कुठून मिळणार, आणि चॅम्पियन घाबरला नाही तर समोरचा मोठा कसा होणार? काही शो होऊन २०२४ मध्ये तेही थांबलं. लढणारे चांगले होते, काहीजण तर फार चांगले होते, त्यांना जागाच मिळाली नाही एवढंच मला म्हणायचंय. डब्ल्यूडब्ल्यूईने एनबीसीवर सॅटरडे नाइट्स मेन इव्हेंट डिसेंबर २०२४ मध्ये परत आणला, मूळ १९८५ चा शो, ते बघून बरं वाटलं, पण त्यातही एखादी मॅच ४५ मिनिटं चालू द्यायची हिंमत कोणी करावी असं मनापासून वाटतं. पुतण्याच्या वयाची पोरं बसत नाहीत हे कोण सांगतं? बसतात. मी बघितलंय.

चौकट दुरुस्त कराल तेव्हा एक गोष्ट त्यात घाला अशी विनंती आहे. ३ मार्च २०२४ ला स्टिंग रिटायर झाला, ६५ व्या वाढदिवसाला दोन आठवडेच बाकी होते. शेवटची मॅच कुठेही घेता आली असती, मोठमोठी स्टेडियम आहेत त्या देशात, पण ती घेतली ग्रीन्सबोरो कोलिझियममध्ये. तोच हॉल जिथे ३६ वर्षांपूर्वी बेल वाजली होती आणि बरोबरी झाली होती, तोच हॉल जिथली १९९० ची मॅच गुडघ्याने घालवली होती. त्याचे दोन मुलगे आले होते, स्टीमबोट तिथे होता, फ्लेअरही होता, ७५ वर्षांचा, थकलेला. डार्बी ॲलिनला जोडीला घेऊन स्टिंग टॅग टीम चॅम्पियन म्हणून उतरला आणि चॅम्पियन म्हणूनच बाहेर आला, स्कॉर्पियन डेथलॉक लावून. या वेळी बेल वेळ संपली म्हणून वाजली नाही, समोरच्याने हार मानली म्हणून वाजली.

तेव्हा कृपया २०१६ च्या वर १९८८ घाला, आणि शेजारी ग्रीन्सबोरो.

आपला,
एक नियमित वाचक